बत्तीस बरण्या

कॅन्टीनमधलं चौथं टेबल नापास झालं तेव्हा मी त्याच टेबलावर बसले होते. समोर अर्धा कप चहा होता. माझ्याच कपाची गोल खूण टेबलावर उमटली होती आणि ती मी बोटाने पुसत होते, उगाच, डोकं दुसरीकडे असलं की माणूस करतो तसं. स्वच्छता तपासणारी मुलगी आली, "एक मिनिट हं मॅडम" म्हणाली आणि माझा कप बाजूला सरकवून तिने नेमक्या त्याच जागेवरून कापसाची ओली काडी फिरवली. दहा वेळा उभी, दहा वेळा आडवी. काडी नळीत खुपसली, नळी हलवली, आणि मोबाइलएवढ्या यंत्रात घालून झाकण लावलं. मग पंधरा सेकंद ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली. त्या पंधरा सेकंदांत झाकणाआड काय चालतं ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. काजव्याच्या शेपटीत असतं तेच द्रव्य नळीत असतं, आणि सजीवांच्या पेशींना ऊर्जा पुरवणारं एटीपी त्याला भेटलं की अंधारात उजेड पडतो. जितकं एटीपी तितका उजेड. यंत्र तो उजेड मोजतं आणि आकडा सांगतं. माझ्या उमेदीत आमच्याकडचं हे यंत्र कपाटाएवढं होतं आणि त्याला स्वतंत्र काळोखी खोली लागायची. "तीनशे चाळीस," मुलगी म्हणाली. "नापास." टेबलं पुसणाऱ्या मावशी फडकं हातात धरून मागेच उभ्या होत्या. "आत्ताच पुसलंय हो मी. या मॅडम बसायच्या आधी." मुलगी काही खाष्ट नव्हती. हसून, जरा समजुतीच्या सुरात ती म्हणाली, "मावशी, आकडा खोटं बोलत नाही." आणि तिने तिच्या कागदावर फुली मारली.

मी बोलायला हवं होतं. ते यंत्र जंतू मोजत नाही, सांडलेला दुधाचा थेंबही त्यात उजळतो, माणसाच्या बोटाचा घामही उजळतो, आणि ते बोट माझं होतं, एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यं. बाई, परत काडी फिरव, पलीकडच्या कोपऱ्यात फिरव. मी चहा प्यायले. मावशींनी टेबल परत पुसलं, माझ्या कपाखालचंसुद्धा, कप उचलून, आणि माझ्याकडे बघून "सॉरी हं" म्हणाल्या. त्या मला सॉरी म्हणाल्या. मी मान हलवली, मोठ्या मनाने माफ केल्यासारखी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलीचं ते वाक्य मला टोचलं होतं ते मावशींसाठी नव्हे. ते वाक्य माझं होतं. चौदा वर्षांपूर्वी, याच इमारतीत, दोन मजले वर, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी ते ऐकवलं होतं. हसून. जरा समजुतीच्या सुरात.

वर प्रयोगशाळेत माझ्या टेबलाच्या खणात आठ दिवसांपासून एक पाकीट पडून होतं. त्यात सरांनी हाताने लिहिलेली सहा पानं होती. सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. संस्थेच्या वार्षिक अंकासाठी त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं, तर त्यांनी लेख लिहिला होता, नव्या मुलांसाठी, 'मी कसा चुकलो' या विषयावर. सोबत चिठ्ठी होती: 'तुझा आकडा तिसऱ्या पानावर घातला आहे. दशांश चिन्ह तपासून दे. म्हातारपणी टिंब कुठे पडेल सांगता येत नाही.' तिसऱ्या पानावर, त्यांच्या त्या सरळ उभ्या अक्षरात, माझं नाव आणि माझा आकडा होता. शून्य पूर्णांक चार. टिंब बरोबर जागी होतं. चूक टिंबात नव्हती. मी पाकीट खणात टाकलं, त्यावर कात्री आणि पट्टी ठेवली, आणि रोज खण उघडताना तिकडे कानाडोळा करत राहिले.

सरांना सगळे बरणीसर म्हणायचे, अर्थात माघारी. तोंडावर नुसतं सर. वरच्या मजल्यावर टोकाला त्यांची खोली होती, खिडकीला काळं कापड लावलेली, आणि तिथे फळीवर ओळीने बत्तीस काचेच्या बरण्या होत्या. सगळ्यांत एकच माती, एकाच शेतातली, एकाच दिवशी खणून आणलेली. काळी, चिकट, ओली असताना बोटाला सोडत नाही अशी. त्या मातीला सरांनी नऊ वर्षं काही खायला घातलं नव्हतं. पाला नाही, मुळी नाही, काही नाही. फक्त पाणी. दर सोमवारी सकाळी प्रत्येक बरणी तराजूवर ठेवायची, आठवड्यात जितकं वजन घटलं असेल तितके थेंब पाणी घालायचं, झाकण उघडून हवा खेळू द्यायची, परत बंद करायचं. बत्तीस बरण्या, नऊ वर्षं, दर सोमवारी. सर आठवड्याहून लांबच्या सुटीवर कधी गेले नाहीत. मुलीच्या लग्नाचा दिवस सोमवारी आला तर हा गृहस्थ नवे कपडे घालून सकाळी सातला इथे हजर होता, बरण्यांची वजनं झाल्यावर लग्नाला गेला. त्यावरून त्यांची किती टिंगल व्हायची. त्यांचं म्हणणं साधं होतं. मातीतले जीव उपाशी ठेवले म्हणून लगेच मरत नाहीत, आळसावतही नाहीत. ते आपली ताकद राखून, कान टवकारून बसून राहतात, घास येईल म्हणून. किती वर्षं बसतात, एवढंच त्यांना बघायचं होतं. बाकीचे म्हणायचे, नऊ वर्षं उपाशी म्हणजे मेलं सगळं, बरणीत काय राहिलंय, धूळ. मातीचा श्वास मोजून काही कळत नव्हतं, कारण उपाशी जीव श्वासही बेताचाच घेतो. आणि मग आमच्याकडे उजेड मोजणारं यंत्र आलं, आणि ते चालवायला मी आले. तेहतीस वर्षांची, नोकरीत अजून कायम न झालेली, डोक्यात हवा.

सर स्वतःच खाली आले होते. कुणी पाठवलं नव्हतं. हातात चार बरण्या, छातीशी धरलेल्या, आणि दार उघडायला हात मोकळा नाही म्हणून पायाने ठोठावत होते. "जिवंत पेशीतच एटीपी असतं ना? पेशी मेली की लगेच मोडतं?" मी म्हटलं, हो सर. "मग यांच्यात आहे का बघ. तुझं मशीन म्हणेल ते मी मानीन." मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांचं भांडण आपण तीन दिवसांत मिटवणार, असं वाटलं.

आता पद्धत सांगते, कारण पाप पद्धतीतच आहे. माती बर्फावर ठेवायची. तिच्यात गार आम्ल ओतायचं, म्हणजे पेशी फुटतात आणि आतलं एटीपी बाहेर येतं. पण माती ते सहजासहजी सोडत नाही. एटीपी मातीच्या कणांना चिकटून बसतं. रेताड माती बरंचसं सोडून देते, चिकणमाती धरून ठेवते. म्हणून त्याच मातीच्या दुसऱ्या चमचाभर नमुन्यात आपण आपल्या हाताने मोजून एटीपी घालायचं आणि त्यातलं किती परत मिळतं ते पाहायचं. शंभर घातलं, चौऱ्याऐंशी परत मिळालं, तर त्या हिशेबाने खरा आकडा दुरुस्त करायचा. याला आम्ही रिकव्हरी म्हणतो. ही प्रत्येक मातीची वेगळी काढायची असते. प्रत्येक मातीची. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी रिकव्हरी काढली होती, नाही असं नाही, पण महिनाभर आधी, सरावाच्या पांढऱ्या रेताड मातीची. चौऱ्याऐंशी. काजव्याचं द्रव्य एकदा पाण्यात मिसळलं की दिवसभरच टिकतं, आणि माझ्याकडे तीन दिवसांपुरतं होतं. सरांचा प्रयोग चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवणाऱ्या समितीची बैठक चौथ्या दिवशी. सरांच्या मातीची वेगळी रिकव्हरी काढायची तर निम्म्याच बरण्या मोजून झाल्या असत्या, आणि मला बत्तीसच्या बत्तीस मोजून दाखवायच्या होत्या. भरपूर मोजलं की बरोबर मोजलं असं वाटण्याचं ते वय होतं. मी चौऱ्याऐंशी धरला. काळ्या चिकट मातीला रेतीचा आकडा. ज्या मातीत हात घातला तर हात धुवायला पाच मिनिटं लागतात, ती एटीपी तेवढं सोडून देईल असं मी धरलं. धरलं म्हणजे काय, विचारच केला नाही. ताज्या, धडधाकट मातीत आकडा दोनपासून सहापर्यंत येतो. सरांच्या मातीत आला शून्य पूर्णांक चार.

बैठकीत मी उभी राहून तो वाचून दाखवला. सरांनी फक्त एकदा विचारलं, "पुन्हा एकदा बघता येईल का?" आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. आकडा खोटं बोलत नाही, सर. दोघं-तिघं हसले. सरही हसले. मग ते उठून म्हणाले, "मशीन सांगतंय ते मला मान्य आहे. महिनाअखेर खोली रिकामी करून देतो." एवढंच. कुणीतरी टाळी वाजवली, त्यांच्या दिलदारपणाला. प्रमुखांनी बाहेर पडताना माझ्या खांद्यावर थोपटलं. घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं, सरांच्या चेहऱ्याची नक्कल करून दाखवली. ती नक्कल आठवली की अजून माझे कान तापतात.

चूक कुणाचीही होते. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते आता मला पाठांतरासारखं वाटतं. चुकीबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते चूक कळल्यानंतरच्या अकरा दिवसांबद्दल. बैठकीनंतर नवव्या दिवशी दुसऱ्या विभागातून एक नमुना आला, कुठल्याशा धरणाच्या तळची चिकणमाती, आणि घाई नव्हती म्हणून मी सगळं रीतसर केलं. शंभर घातलं. परत मिळालं सतरा. मला वाटलं हात चुकला. परत केलं, सोळा. परत, अठरा. मी काळोख्या खोलीत स्टुलावर बसले होते आणि यंत्राचा छोटा हिरवा दिवा लागलेला होता. चौऱ्याऐंशीला सतराने भागायला कागद लागत नाही. जवळजवळ पाच. शून्य पूर्णांक चार पाचदा म्हणजे दोन. दोन म्हणजे जिवंत. नऊ वर्षं उपाशी राहून, अंधारात, झाकणाआड, जिवंत. असेल. ही माती वेगळी होती, ती माती वेगळी होती, पण चिकट दोन्हीही होत्या. सरांच्या बरण्या त्या क्षणी वर फळीवर होत्या, बत्तीसच्या बत्तीस. मधे चौतीस पायऱ्या होत्या. मी किती आहेत ते नंतर मोजलं, कारण पुढचे अकरा दिवस मी रोज त्या जिन्याखालून जात होते.

पहिल्या दिवशी मी ठरवलं की उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी प्रमुख रजेवर होते. तिसऱ्या दिवशी मला कायम करण्याचा कागद टाइप होत असल्याचं कळलं, आणि त्यात 'अचूक व जबाबदार' असे शब्द होते. चौथ्या दिवशी सर जिन्यात भेटले. "काय ग, एवढी का वाळलीस? जेवतेस की नाही?" म्हणाले. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं त्यांना कळलंय आणि ते मला आडून विचारताहेत. त्यांना काहीच कळलं नव्हतं, ते खरंच जेवणाबद्दल विचारत होते. मग शनिवार-रविवार. मग सोमवार आला, आणि त्या सोमवारी सकाळी सर वर गेले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा बरण्यांना कुणी पाणी घातलं नाही. मी खाली बसून वरच्या पावलांचा कानोसा घेत होते. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ना, त्यात गिळायला तरी काहीतरी असतं. माझं तोंडच कोरडं पडलं होतं.

अकराव्या दिवशी बरण्या माझ्याकडेच आल्या. संस्थेचा नियम आहे, प्रयोगाची माती बाहेर टाकायची तर आधी वाफेच्या भट्टीत उकडून निर्जंतुक करायची, आणि भट्टी माझ्या प्रयोगशाळेत होती. विल्हेवाटीच्या कागदावर माझी सही लागत होती. तिथे एक रकाना असतो, नमुन्यात जिवंत अंश: आहे, नाही. मी 'नाही'वर खूण केली. भट्टीत एका वेळी आठ बरण्या मावतात. चार फेऱ्या, तापणं-निवणं धरून प्रत्येकी दोन तास. मेलेल्या मातीला मारायला मला पूर्ण दिवस लागला. गरम मातीचा वास दाराखालून बाहेर गेला, व्हरांडाभर पसरला, गोडसर, जड. तिसऱ्या फेरीला सर आले. दारात उभे राहून त्यांनी वास घेतला. "छान वास सुटलाय," म्हणाले. आणि मग बरण्यांची झाकणं एका पिशवीत गोळा करायला मला मदत करू लागले. बत्तीस झाकणं, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरातला क्रमांक. भट्टीची शिट्टी झाली तेव्हा ते दचकले आणि आपणच आपल्याला हसले. चौथ्या फेरीच्या आठ बरण्या तेव्हा अजून टेबलावर होत्या. उकडलेल्या नव्हत्या. सर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी "सर" म्हटलं. ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "भट्टी गरम आहे, बाजूला व्हा."

नवऱ्याला मी हे सातेक वर्षांनी सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो आणि त्याच्या लेखी जगात सगळ्याला उत्तर असतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "पाचाने चुकलंय ना? मग पाचाने गुणून टाक." मी म्हटलं, त्या मातीची रिकव्हरी माहीतच नाही, गुणणार कशाने? "मग ती माती परत आण." त्या शेतावर आता इमारती आहेत. आणि माती आणली तरी नऊ वर्षं कुठून आणणार? "जाऊ दे, कुणी मेलं का त्यात?" म्हणाला. त्याला माझं ओझं हलकं करायचं होतं. मी हसले, खूप हसले, आणि तो घाबरला.

त्या दिवशी कॅन्टीनमधून वर आले, खणातून पाकीट काढलं आणि अर्धी रजा टाकून निघाले. सरांच्या घरी मी बारा वर्षांत दोनदा गेले असेन. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात कुणाची तरी सायकल कठड्याला बांधलेली. जाताना मी वाक्य जुळवत होते. 'सर, एक चूक राहून गेली होती.' राहून गेली, जशी ती आपली आपण राहिली. 'सर, अलीकडे माझ्या लक्षात आलं.' हे अलीकडे फार सोयीचं होतं. चूक कबूल करायची आणि अकरा दिवस गिळायचे. लेखातून आकडा निघून जाईल, सरांना आनंदच होईल, आपण मोकळे. जिन्याच्या वळणावर मला या वाक्याची इतकी सवय झाली होती की ते खरं वाटू लागलं.

दार काकूंनी उघडलं. "अगं तू? ये ये. अहो, बघा कोण आलंय." सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बाहत्तरीचे, बारीक झालेले, पण ताठ. गुडघ्यावर शब्दकोडं होतं. मला पाहून त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, तशीच, पूर्वीसारखी. "टिंब सापडलं का?" म्हणाले. मी पाकीट हातातच धरून बसले. काकू पाणी घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. "तुझी आठवण निघते हो आमच्याकडे. खोटं नाही सांगत. तुझ्यामुळे मला माझा माणूस परत मिळाला. नऊ वर्षं नुसतं सोमवार, सोमवार. माझी आई आजारी होती तेव्हासुद्धा रविवारी रात्री परत यायचे. तुझ्या मशीनने सांगितलं ना नाही म्हणून, त्या दिवसापासून यांना झोप लागायला लागली. समुद्र बघितला आम्ही, डोंगर बघितले. लेकीकडे महिना महिना राहून आलो." सर हसत होते. "ती खरं सांगतेय. मी मुलांना हेच सांगणार आहे, म्हणून तर लिहिलंय. चुकणं वाईट नाही. चुकलं ते एका बैठकीत मान्य करता आलं, त्याचा मला जास्त अभिमान आहे. बरण्यांपेक्षासुद्धा." काकू म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या.

पाकीट तसंच परत द्यावं, टिंब बरोबर आहे म्हणावं, चहा घ्यावा आणि निघावं. इतकं सोपं होतं. शिवाय आता त्याला दयेचं नावही देता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाचं समाधान कशाला मोडा. चौदा वर्षांत मला माझ्या गप्प बसण्यासाठी इतकं चांगलं कारण मिळालं नव्हतं, आणि इतकं चांगलं कारण मिळालं म्हणूनच माझी मला शिसारी आली. सर हात पुढे करून वाट बघत होते. मी पानं त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आकडा चुकीचा आहे, सर. टिंब नाही. आकडाच." मग मी सांगितलं. रेताड मातीची रिकव्हरी, चौऱ्याऐंशी, धरणाची माती, सतरा. त्यांना कुठेही थांबून समजावून सांगावं लागलं नाही. सतरा म्हटल्यावर त्यांचे ओठ हलले. त्यांनीही मनात भागाकार केला होता.

त्यांनी तिसरं पान वर काढलं. आत काकूंनी गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, शून्य पूर्णांक चारवर एक आडवी रेघ मारली, नीट, पट्टीने मारल्यासारखी, आणि विचारलं, "मग इथे किती लिहू?" रागाने नव्हे. सहकाऱ्याला विचारतात तसं. मी म्हटलं, "माहीत नाही, सर." "अंदाजे?" "दोन असेल. कदाचित." "कदाचित लिहिता येत नाही," ते म्हणाले. पेन्सिलचं टोक कागदावर टेकलेलं होतं, तिथे एक बारीक ठिपका उमटला. "दोन," ते परत म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षणभर असं काही आलं की मी मान खाली घातली. आनंदच होता तो. नऊ वर्षं वाट बघणाऱ्याला कुणीतरी हाक मारली असावी तसा. तो मला बघवला नाही. "कधी कळलं तुला?"

अलीकडे. शब्द जिभेवर तयार होता. जिन्यात त्याला मी चांगला घोटला होता. मी म्हटलं, "बैठकीनंतर नवव्या दिवशी." ते दिवस मोजत असावेत. "म्हणजे बरण्या होत्या तेव्हा." "होत्या. अकरा दिवस होत्या, सर." त्यांनी पानं गुडघ्यावर ठेवली. मी वाट बघत होते. का सांगितलं नाहीस, असं ते विचारणार होते, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे चौदा वर्षांपासून तयार होतं, लाज वाटेल इतकं खरं उत्तर: नोकरी, भीती, खांद्यावरची ती थाप. मी ते देणार होते आणि त्यांच्या शिव्या पदरात घेऊन जाणार होते. एका अर्थी मी शिव्यांसाठीच आले होते.

"मग मोजल्या का नाहीस?" ते म्हणाले.

"सांगितलं नाहीस, ठीक आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही वर चढला नव्हता. "नवी होतीस, घाबरलीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो. कुणाला सांगायचं नव्हतं तर नसतं सांगितलंस. पण बरण्या होत्या. मशीन होतं. बरण्या आणायला म्हणून मी दिलेली खोलीची किल्ली तुझ्याकडेच होती. एक चमचा माती, शंभर घालायचे, किती परत येतात बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवायचंस. आज तरी दिला असतास."

इतकी वर्षं मी स्वतःवर खटला चालवत आले होते. लबाड म्हटलं, भित्री म्हटलं, मारेकरीण म्हटलं, नको नको ते आरोप ठेवले. हा एक ठेवला नव्हता. अकरा दिवसांत एकदाही, काळोख्या खोलीत दार लावून बसलेली असतानासुद्धा, वर जाऊन चमचाभर माती आणावी असं माझ्या मनात आलं नव्हतं. नव्हतं आलं म्हणजे, आलं असतं ते मी येऊ दिलं नव्हतं. मी म्हटलं, "मला कळायला नको होतं, सर."

त्यांनी मान हलवली. परीक्षेत उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी. मग सहा पानं एकत्र केली, गुडघ्यावर आपटून कडा जुळवल्या, मधोमध फाडली, परत जुळवली आणि परत फाडली. काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या. तीन कप होते. "झालं का तपासून तुमचं?" त्यांनी हसत विचारलं.

"झालं," सर म्हणाले. "तिचा चहा राहू दे. तिला जायचंय."

मी जायचंय म्हटलं नव्हतं. मी उठले.